पुढची चाळीस मिनिटं

दाक्षायणी नेवडेला कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. तेवढा एक दोष सोडला तर बाई कामाला चोख. हृदयसखा सहकारी आरोग्य संस्थेचा सर्व्हर ती नऊ वर्षं सांभाळत होती आणि या नऊ वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता. त्या मंगळवारी सकाळीही पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं, निदान सगळ्या तालुक्याला कळलं तरी असतं. दिवे हिरवे होते, पंखे घुमत होते, आणि आत लोकांची मिनिटं गळत चालली होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी हॉस्पिटलमधून डॉक्टर निखत मुजावरांचा फोन आला. शांत बाई, आवाज चढवायची सवयच नाही. पेठेतले महादेव कोरी, तेच शिवणकाम करणारे, मशीनवर बसल्या जागी कोसळले, असं त्यांनी सांगितलं. आता अतिदक्षता विभागात आहेत, शुद्ध नाही.

"इशारा चाळीस मिनिटं आधी यायला हवा ना, दाक्षाताई?" निखत म्हणाल्या. "मला नऊ मिळाली. त्यांच्या बोळापर्यंत गाडी जायलाच चौदा लागतात."

दाक्षायणीने पडद्याकडे पाहिलं. बहुतेक सभासदांच्या नावापुढे एकच आकडा दिसत होता, आठ.

आता हा आकडा काय भानगड आहे ते सांगायला हवं. संस्थेच्या प्रत्येक सभासदाच्या छातीवर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असते. ती त्याच्या हृदयाची बारीकसारीक खबर सर्व्हरला पाठवते. सर्व्हरमध्ये त्या माणसाच्या हृदयाची हुबेहूब प्रत चालू असते, आणि ती प्रत खऱ्या हृदयाच्या चाळीस मिनिटं पुढे धावते. खरं हृदय आत्ता दहा वाजता धडधडतंय, तर प्रत दहा चाळीसला पोचलेली. तिथे ती अडखळली की इकडे इशारा वाजतो, गाडी निघते, आणि माणूस कोसळायच्या आत डॉक्टरच्या हाती असतो. गेल्या नऊ वर्षांत तालुक्यातली साडेतीनशे माणसं या चकतीने वाचवली होती.

पण हृदयाचं हवामानासारखं असतं. आत्ताच्या मापात केसाएवढी चूक राहिली तर पुढे तिचा डोंगर होतो. म्हणून एक प्रत चालवून भागत नाही, थोडाथोडा फरक करून चौसष्ट चालवाव्या लागतात आणि त्यांतल्या किती अडखळतात ते बघावं लागतं. आणखी दहा मिनिटं पुढचं पाहायचं, तर प्रती दुप्पट. वीस मिनिटं पुढचं, तर चौपट. म्हणजे माणसामागे मिनिटं वाढवली की सर्व्हरवरचा भार झपाट्याने चढतो. आणि भार पेलवेनासा झाला की प्रतींची धाव मंदावते. चाळीस मिनिटं पुढे असलेली प्रत तीस मिनिटांवर येते, वीसवर येते, आणि एकदा का खऱ्या हृदयाने तिला गाठलं की ती असून नसल्यासारखी.

सर्व्हरची ताकद साडेतीन हजार माणसांची. महिन्यापूर्वी सर्वसाधारण सभेत चेअरमन शंकरगौडा देसाईंनी शेजारच्या तालुक्यातले आठशे सभासद घेण्याचा ठराव मांडला. आपले दोन हजार सहाशे नव्याण्णव, ते धरून तीन हजार पाचशेला एक कमी, मशीनला पुरतंय, असं त्यांनी वाचून दाखवलं. ठराव वाचून पुरा व्हायच्या आत सभागृहाने "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर केले, जसे दरवर्षी करतात. पहिल्या रांगेत दाक्षायणी बसली होती. हा हिशेब खोटा आहे हे त्या सभागृहात एकट्या तिला ठाऊक होतं, आणि तिनेही हात वर केला होता.

कारण मधल्या नऊ वर्षांत काय झालं होतं? लोक यायचे. कुणी परडीभर पेरू घेऊन, कुणी खरवसाचा डबा घेऊन, कुणी नुसतंच उभ्याउभ्या. "दाक्षाताई, जरा आमच्या आईचं बघा." एवढंच म्हणायचे. शेत लांब आहे, रस्ता वाईट आहे, आई घाबरट आहे, जरा बघा. दाक्षायणीला भीड मोडवायची नाही. ती त्या आईची चाळीस मिनिटं साठ करायची आणि नाव 'विशेष' या रकान्यात टाकायची. विशेषवाल्यांचं काम सर्व्हर आधी उरकतो, बाकीच्यांचं उरल्या वेळात. असे दीडशे जण झाले होते. डायरेक्टरांच्या सासवा होत्या, शाळेचे हेडमास्तर होते, पोस्टमन होता, आणि प्रत्येक घराची समजूत अशी की ताईने हे फक्त आपल्यासाठी केलंय.

आज सकाळी साडेसातला नवे आठशे जोडले गेले आणि गाडं रुतलं. सगळ्यांची मिनिटं उतरत होती. विशेषवाल्या दीडशेंचे आकडे मात्र जागचे हललेले नव्हते.

तिने चेअरमनना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. निदान तिला तसं वाटलं. देसाई माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक जवळ आली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की आठ दिवसांत नवं मशीन येतंय, तोवर नव्या आठशेंतले थोडे बंद ठेवा. त्यांना अजून चकतीची सवय कुठे लागलीय? कालपर्यंत ते तिच्याशिवायच जगत होते ना? आपल्या जुन्या माणसांना हात लावू नका.

दुसरीकडून मशीन उसनं घेण्याचीही सोय नव्हती. रुग्णाची माहिती जिल्ह्याबाहेर न्यायची नाही असा कायदा, आणि जिल्ह्यातले सगळे सर्व्हर तुडुंब. दाक्षायणीने फोन ठेवला. महादेव कोरींनी तिच्या लग्नातलं पोलकं शिवलं होतं. गळ्याचं माप घेताना टेप तोंडात धरून बोलायचे. तिने विशेषचा रकाना उघडला आणि दीडशेच्या दीडशे नावं एका दमात चाळीसवर आणून रांगेत ढकलली. चेअरमनच्या सासूबाईही त्यात गेल्या.

दोन मिनिटांत तिचा फोन वाजायला लागला. चकतीवर मिनिटं दिसतात, ती उतरलेली लोकांनी पाहिली होती. तिने एकही फोन उचलला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

पडद्यावरचा भार खाली आला, पण साडेतीन हजारांच्या आत काही जाईना. अजून दोनशे चोपन्न माणसांचा बोजा जास्त होता, आणि आकडा आता सहा झाला होता. भार एकदा आत आला की वीस मिनिटांत सगळे पुन्हा चाळीसवर चढतात. एका माणसाने जरी जास्त राहिला, तरी घसरण चालूच राहते.

दोनशे चोपन्न कुठून आले हे तिला शोधावं लागलं नाही. विशेषच्या रकान्याच्या वर आणखी एक रकाना होता. त्याला नाव नव्हतं, तो फक्त तिच्या पासवर्डने उघडायचा, आणि त्यात एकच माणूस होता. बसवराज नेवडे. मुक्काम आंबेखोल. एकशे वीस मिनिटं.

तिचा अण्णा. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाप एक्केचाळीसाव्या वर्षी बांधावर बसल्याबसल्या गेला, तेव्हा दाक्षायणी सात वर्षांची होती. अण्णाने कॉलेज सोडलं, डोंगरात जाऊन मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आणि त्या मधावर हिला इंजिनिअर केली. बापाचं दुखणं त्याच्याही रक्तात उतरलं होतं. खाली ये, माझ्याजवळ राहा, म्हणून तिने किती विनवण्या केल्या असतील. त्याचं एकच, माश्यांना डोंगर लागतो. आंबेखोलहून घाट उतरून हॉस्पिटल गाठायला दीड तास लागतो. दीड तासाच्या माणसाला चाळीस मिनिटं आधी सांगून काय उपयोग? म्हणून तिने त्याला दोन तास दिले. आठ वेळा दुप्पट. तिचा एकटा अण्णा सर्व्हरवर दोनशे छप्पन्न माणसांची जागा अडवून बसला होता, आणि हे खुद्द अण्णालाही माहीत नव्हतं.

चेअरमनने सांगितलेला मार्ग समोरच होता. नव्या आठशेंतली दोनशे चोपन्न नावं निवडायची, एक बटण दाबायचं. ठरावही मिळाला असता, सगळ्यांनी मंजूर म्हटलं असतं. तिने नावं निवडलीसुद्धा. मग बोट तिथेच थांबलं, कारण यादीत पहिलंच नाव होतं शेवंता कांबळे, वय चौतीस, आणि त्यापुढे संस्थेच्या माणसाने लिहून ठेवलं होतं की घरात दुसरं मोठं कुणी नाही.

म्हणून तिने अण्णाच्या प्रती उघडून पाहिल्या. त्या स्वच्छ असतील तर त्याला काढायचं, असं तिने मनाशी ठरवलं. सोळा हजारांवर प्रती चालू होत्या. रोज त्यांतल्या चार-पाच कुठेतरी अडखळायच्या, त्याला काही अर्थ नसायचा. आज एकोणीस अडखळल्या होत्या, आणि सगळ्या एकाच जागी, एक तास पन्नास मिनिटांवर. इशारा वाजायला विसातली एक अडखळावी लागते. त्यापुढे या एकोणीस म्हणजे काहीच नव्हत्या. कदाचित. अर्धा तास थांबून पाहिलं तर त्या वाढतात की विरतात ते कळलं असतं. पण अर्ध्या तासात बाकीच्यांची सहा मिनिटं संपून गेली असती.

दाक्षायणीने कपाळ टेबलावर टेकवलं. देवा, माझ्याच्याने हे होत नाही, असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला पंखे होते फक्त.

मग तिने अण्णाला फोन लावला. त्याने लगेच उचलला. मागे माश्यांची गुणगुण ऐकू येत होती. आत्ताच्या आत्ता खाली ये, असं ती म्हणाली. तो हसला. आज पेट्या वरच्या रानात हलवायच्यात, सगळ्यांची तोंडं बंद करून गाडीवर चढवल्यात, आता सोडून आलो तर आतल्या आत गुदमरून मरतील, संध्याकाळी येतो, असं म्हणाला. तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. दोन तासांचं, रकान्याचं, दोनशे छप्पन्नांचं, महादेव कोरींचं. एकोणीस प्रतींचंही सांगितलं.

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दोनशे छप्पन्न," अण्णा म्हणाला. "एवढी माणसं मी एकटा खाऊन बसलोय व्हय?"

"तू घाट उतरत नाहीस म्हणून केलं मी."

"मला इचारलं असतंस तर उतरलो असतो." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला झोंबलं. "तू मला सारखं ये ये म्हणायचीस. का ये, ते कधी सांगितलं न्हाईस. काढ मला त्यातनं."

"अण्णा, त्या एकोणीस..."

"काढ म्हणतोय न्हवं. पेट्यांची तोंडं उघडतो आणि निघतो."

तिने त्याला चाळीसवर आणलं. एकदा आटवलेल्या प्रती पुन्हा दोन तासांपर्यंत पसरायला अर्धा दिवस लागतो, म्हणजे आता मागे फिरता येणार नव्हतं. पडद्यावर भार तीन हजार चारशे नव्याण्णवावर येऊन थांबला. ठरावात लिहिला होता तोच आकडा. चेअरमनचा कागद पहिल्यांदा खरा झाला. बाकीच्यांची मिनिटं सहाची सात झाली, मग नऊ, मग चौदा. अण्णाच्या नावापुढे चाळीस होते, आणि चाळीस मिनिटांपर्यंत सगळं स्वच्छ होतं. त्यापुढे त्या एकोणीस कुठे गेल्या, हे आता कुणालाच दिसणार नव्हतं.

तिने निखतना फोन करून हे सगळं सांगितलं, लाज न बाळगता. निखतनी एका शब्दाने टोकलं नाही. गाडी घाटाच्या पायथ्याशी नेऊन ठेवते, असं त्या म्हणाल्या.

साडेअकराला सगळे सभासद चाळीसवर आले. अकरा चाळीसला इशारा वाजला. दाक्षायणी उठून उभी राहिली, पण नाव अण्णाचं नव्हतं. शेवंता कांबळे, शेजारचा तालुका, चाळीस मिनिटं. घाटाच्या पायथ्याला उभी असलेली गाडी सगळ्यांत जवळची होती. निखतनी फोनवर फक्त विचारलं, "पाठवू?" आणि दाक्षायणी म्हणाली, "पाठवा." दुसरं काय म्हणणार होती? गाडी गेली.

अकरा पंचावन्नला अण्णाचा इशारा वाजला.

त्या एकोणीस खोट्या नव्हत्या. चौसष्टांतल्या सव्वीस प्रती एकाच जागी थांबल्या होत्या, बारा पस्तीसला. तिने फोन केला. तो मोटरसायकलवर घाटात होता, निघायला उशीर झाला होता. पेट्या चाळीस, सगळ्यांची तोंडं उघडून मगच निघालेला. गावापासून अजून पंचावन्न मिनिटं लांब. हॉस्पिटलची दुसरी गाडी महादेव कोरींना घेऊन जिल्ह्याला गेली होती. वीस मिनिटं सावकाश ये, असं तिने त्याला सांगितलं, मग जिथे असशील तिथे गाडी लाव, सावलीत बस, हलू नकोस.

ऑफिसच्या भिंतीवर लाल पेटी टांगलेली असते, हृदय थांबलं की छातीला विजेचा धक्का देणारी. गावात तिला झटकापेटी म्हणतात. दाक्षायणीने ती काढली, गाडीत टाकली आणि निघाली. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावायचंही राहिलं. फोन सारखा वाजत होता. हेडमास्तर, पोस्टमनची बायको, मग चेअरमन, दोनदा. मेसेजही येत होते आणि प्रत्येकात तेच, ताई जरा बघा. तिने फोन शेजारच्या सीटवर उलटा ठेवला. घाटाच्या वळणांवर तिने गाडी अशी हाणली की परत कधी तिला तशी जमली नसती. रडत होती की घाम डोळ्यात जात होता, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

बारा एकतीसला तो दिसला. एका मोरीच्या कठड्याला टेकून, करंजाच्या सावलीत बसला होता. मोटरसायकल नीट स्टँडवर लावलेली. अंगाला धुराचा आणि मेणाचा वास. तिला बघून तो उठायला लागला, तर ती एवढ्या जोरात ओरडली की तो परत बसला.

"बाकीच्यांचं किती झालं?" त्याने विचारलं.

"चाळीस."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"बरं झालं," म्हणून त्याने सदऱ्याची बटणं सोडली आणि रस्त्याच्या कडेला पाचोळ्यावर आडवा झाला. तिने पट्ट्या छातीवर चिकटवल्या. एक पट्टी वाकडी लागली, ती काढून परत लावली. प्रत बारा पस्तीसलाच थांबलेली, म्हणून चकतीवर आता तीनच मिनिटं होती. मग दोन. अण्णा तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या केसांतला मेणाचा तुकडा काढला.

चकती शून्यावर आली. अण्णाचे डोळे फिरले.

पेटीने सांगितलं तसं ती मागे सरली आणि बटण दाबलं. त्याचं शरीर उसळलं. काही नाही. तिने दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली, मोठ्याने मोजत. तीसपर्यंत गेली, परत एकपासून सुरू केली. पेटी पुन्हा बोलली, तिने पुन्हा बटण दाबलं. आणि मग तिने कान त्याच्या छातीला लावला. नऊ वर्षं ती या हृदयाची सोळा हजार चित्रं रोज बघत आली होती, पण खरं हृदय ऐकलं नव्हतं. आधी काहीच नव्हतं. मग एक ठोका आला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मग ते चालायला लागलं, दमलेल्या माणसासारखं.

अण्णाच्या मोबाइलवर निखतचा फोन आला तेव्हा ती अण्णाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेवंता कांबळे हॉस्पिटलात पोचली होती, शुद्धीवर होती, घरी चुलीवर भात ठेवलाय म्हणून भांडत होती. गाडी आता घाटाकडे निघाली होती, अर्धा तास लागेल.

अण्णाने डोळे उघडले. घसा कोरडा पडला होता, बोलताना अडखळत होता. छातीवरच्या चकतीवर आकडा परत चढायला लागला होता, आता सगळ्यांसारखाच, रांगेने.

"आता किती पुढचं दिसतंय?" त्याने विचारलं.

"सात मिनिटं, अण्णा."

"लई झाली की," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून ठेवला. सीटवर फोन वाजतच होता. ती उठली नाही.